ट्रान्झिशनचं पहिलं वर्ष: कोणती चूक लाजेची, कोणती धोक्याची

सांगलीच्या कापड पेठेत भर गर्दीत साडीच्या निऱ्या सुटल्या, की पुढचे आठ दिवस झोप लागत नाही. छातीला क्रेप बँडेज आवळून दिवसभर फिरलं तर कुणाला काही दिसत नाही, म्हणून त्याची काळजीही वाटत नाही. ट्रान्झिशनच्या, म्हणजे जन्मावेळी ठरवलेल्या लिंगाऐवजी आपल्या खऱ्या ओळखीप्रमाणे राहू लागण्याच्या, पहिल्या वर्षातला खरा घोळ इथंच होतो. जीव अडकतो लाजेच्या चुकांत, आणि शरीराला इजा करणाऱ्या चुका गुपचूप चालू राहतात. निऱ्यांना पिन लावता येते. फासळी आणि रक्तवाहिनीचं तसं नसतं. या लेखात दोन्ही प्रकारच्या चुका घेतल्या आहेत, ट्रान्स स्त्रिया (जन्मावेळी मुलगा ठरवलेल्या) आणि ट्रान्स पुरुष (जन्मावेळी मुलगी ठरवलेले) दोघांसाठी.

आधी घरात, मग गल्लीबाहेर

कपडे, मेकअप, आवाज, चप्पल सगळं एकाच दिवशी बदलून बाहेर पडणं ही सर्रास होणारी चूक. काहीतरी बिघडतं, पण नेमकं काय बिघडलं ते कळत नाही. म्हणून एका वेळी एकच नवी गोष्ट घ्या.

नवा पोशाख घरात किमान तीन तास अंगावर ठेवा. त्यात खाली मांडी घालून बसा, जिना चढा, वाकून बादली उचला, जेवा आणि मुख्य म्हणजे संडासला जाऊन या. साडी, बाइंडर (छाती सपाट दाबणारा घट्ट कपडा), पॅड यांतलं काय कुठं सरकतं ते या पाच कामांत कळतं. आरशात माणूस स्वतःला फक्त समोरून बघतो, त्यामुळे विश्वासातल्या कुणाकडून पाठीमागून आणि बाजूने फोटो काढून घ्या.

पहिली फेरी आपल्या पेठेत नको. सांगलीकराने मिरजेला जावं, मिरजकराने सांगलीतल्या विश्रामबागला यावं. दीड-दोन तास पुरेत. सोबत एक माणूस, सहा सेफ्टीपिना, ओले टिश्यू, थोडी रोख रक्कम आणि एक साधा कपड्यांचा जोड असू द्या. आपल्या भागात कुठल्याही वळणावर मावशी नाहीतर काका भेटतात. अचानक भेटले तर काय म्हणायचं ते एक वाक्य घरूनच ठरवून निघा. ऐनवेळी सुचलेलं खोटं पुढे कितीतरी दिवस सांभाळावं लागतं.

दाढीची सावली

कितीही घोटून दाढी केली तरी कातडीखालची मुळं हिरवट-निळी दिसतात. ती झाकायला फाउंडेशनचे थरावर थर दिले जातात, वर पावडर, आणि चेहरा राखेसारखा दिसू लागतो. निळ्यावर गोरा रंग चढवला की राखाडीच होतो. निळ्याला मारायला नारिंगी लागतो. क्रम असा ठेवा:

१. आंघोळीनंतर, कातडी मऊ असताना, नव्या ब्लेडने आधी केसांच्या दिशेने आणि मग आडवी दाढी करा. उलट्या दिशेने पहिलाच हात मारला की पुरळ येतं आणि केस कातडीच्या आत वाढतात.
२. गार पाणी, तुरटी, साधं मॉइश्चरायझर. मग दहा मिनिटं थांबा.
३. नारिंगी करेक्टर फक्त सावलीच्या जागी, वरचा ओठ, हनुवटी आणि जबड्यावर, बोटाने थोपटून लावा. चोळू नका. करेक्टर नसेल तर नारिंगीकडे झुकणारी लिपस्टिक अगदी पातळ थोपटली तरी चालते.
४. त्यावर फाउंडेशनचा एकच पातळ थर, तोही थोपटूनच.
५. शेवटी पावडर दाबून बसवा.

फाउंडेशनचा रंग मनगटावर बघू नका. जबड्यावर रेघ ओढा आणि दुकानाबाहेर येऊन उन्हात बघा. रेघ दिसेनाशी झाली की तो तुमचा रंग. विक्रेते बहुतेक वेळा एक-दोन छटा उजळ बाटली पुढे करतात. ती घेतली की चेहरा एका रंगाचा आणि गळा दुसऱ्या रंगाचा होतो.

पुढे लेझर करायचा विचार असेल तर चेहऱ्यावर थ्रेडिंग किंवा व्हॅक्स आजच थांबवा. लेझर केसातल्या काळ्या रंगावर काम करतो आणि त्याची उष्णता मुळापर्यंत पोहोचावी लागते. मूळच उपटलेलं असेल तर पैसे वाया जातात. आधीचे चार ते सहा आठवडे फक्त दाढी करा. सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग यंत्र जास्त सुरक्षित असतं, कारण त्याचा किरण वरच्या थरातला रंग कमी पकडतो. यंत्र कोणतं आहे ते पैसे भरण्याआधी विचारा. उत्तर टाळलं तर उठून या, भाजल्याचे डाग चेहऱ्यावरून लवकर जात नाहीत. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा ते दहा बैठका धरून चला. पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही, त्यांना इलेक्ट्रोलिसिसच, म्हणजे एकेक मूळ विजेने मारणंच, लागतं.

साडी, ब्लाउज आणि आतलं

उंच माणसाची साडी घोट्याच्या वर राहते आणि सगळं लक्ष तिथं जातं. साडीचा पन्हा साधारण ४५ इंच असतो. पावणेसहा फुटांच्या व्यक्तीची कंबर ते जमीन हे अंतरच ४२-४३ इंच भरतं, म्हणजे खोचायला दोन-तीन इंचच उरतात. उपाय दोन. परकर बेंबीखाली दोन बोटं बांधा आणि साडी जेमतेम इंच-दीड इंच खोचा. तयार परकर आखूड पडतो, म्हणून ४१-४२ इंच उंचीचा शिवून घ्या. परकराची गाठ घट्टच हवी, साडीचा सगळा भार तिच्यावर असतो. आणि जी चप्पल घालून बाहेर जायचं ती आधी पायात घाला, मगच साडी नेसा. साडी नेसून झाल्यावर उंच चप्पल चढवली की काठ वर जातो.

निऱ्या पाच ते सात, प्रत्येकी चार-पाच इंचांच्या, तोंड आपल्या डाव्या हाताकडे. खोचण्याआधी वरून दोन इंच खाली आडवी पिन लावा. सुरुवातीला सुती किंवा इरकल घ्या. सिंथेटिक साडी स्वस्त असते, पण नवख्या हातातून निसटते.

ब्लाउज तयार घेऊ नका. रुंद खांद्यांवर तो काखेत काचतो आणि पाठीवर ताणतो. टेलरकडे तीन गोष्टी सांगा: बाही कोपरापर्यंत, गळा व्ही आकाराचा, आणि दोन्ही बाजूंना आत दीड इंच कापड सोडलेलं. फुग्याच्या बाहीने आणि आडव्या गळ्याने खांदे आणखी रुंद दिसतात. सोडलेलं कापड हॉर्मोन सुरू होऊन छाती वाढल्यावर उसवून वापरता येतं, प्रत्येक मोसमाला नवा ब्लाउज शिवावा लागत नाही.

ब्रा अंदाजाने घेऊ नका. श्वास सोडून छातीच्या खाली टेप आडवा धरा, हे पट्ट्याचं माप. कितीतरी जणींना ३६ किंवा ३८ लागतो, लाजेपोटी ३२ घेतला जातो आणि बरगडीवर वळ उठतात. पॅडच्या बाबतीत मोठ्ठं हवं हा मोह आवरा. ए किंवा बी कप रुंद छातीवर शोभतो. सुती कापडाच्या पिशवीत राळं किंवा मोहरी, प्रत्येकी दीडशे ते दोनशे ग्रॅम, भरली तर वजन आणि हालचाल नैसर्गिक वाटते. घामाने धान्याला वास येतो, कीड लागते. आठवड्याला उन्हात टाका, महिन्याला बदला. पाण्याचे फुगे नकोत, ते कुठं फुटतील याचा नेम नाही.

छाती बांधताना

क्रेप बँडेज आणि चिकटपट्टी, दोन्ही नकोत. बँडेज प्रत्येक श्वासाबरोबर आणखी आवळत जातं. बरगड्या दुखावतात आणि छाती पूर्ण फुगत नाही. बाइंडर मापानेच घ्या. माप दोन आकारांच्या मधलं आलं तर मोठा आकार घ्या. पहिल्या आठवड्यात रोज एक-दोन तास, पुढे जास्तीत जास्त आठ तास. झोपताना नको, व्यायाम करताना नको, खोकला-ताप असताना नको, आणि दोन बाइंडर एकावर एक तर कधीच नकोत. घातल्यावर दोन्ही हात वर करून खोल श्वास घ्या. तो अर्ध्यात अडला तर बाइंडर लहान आहे. मुंग्या, टोचल्यासारखं दुखणं किंवा धाप लागली तर असाल तिथं आडोसा शोधून काढा. एप्रिल-मेच्या उन्हात आत पातळ सुती बनियन घाला आणि शक्य त्या दिवशी फक्त स्पोर्ट्स ब्रा आणि गडद चौकड्यांचा शर्ट यावर भागवा.

शर्टाचंही बघा. लपण्यासाठी दोन आकार मोठा शर्ट घेतला की माणूस उलट लहान दिसतो. खांद्याची शिवण बरोबर हाडावर यायला हवी. केस कापायला पार्लरऐवजी पुरुषांच्या सलूनमध्ये जा. नुसतं ‘बारीक करा’ म्हटलं की कल्ले निमुळते आणि मानेवरचे केस टोकदार होऊन ‘बॉयकट’च होतो. ‘कल्ले सरळ, मागे चौकोनी’ असं सांगा.

‘आलो’ की ‘आले’

मराठीत क्रियापद लगेच चुगली करतं. आवाज, कपडे सगळं जमतं आणि फोनवर तोंडातून जुनं रूप निसटतं. याला सराव हाच इलाज. ‘मी गेले, बसले, विसरले, दमले, निघते, येते’ अशी वीस वाक्यं आठवडाभर रोज मोठ्याने म्हणा. ट्रान्स पुरुषांनी ‘गेलो, विसरलो, निघतो’ म्हणावं. आपल्याकडे एक सवलतही आहे. सांगली-कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका ‘मी जातो, मी आलो’ असंच बोलतात. त्यामुळे चुकून ‘आलो’ निघालं तर जीभ चावून, माफी मागून वाक्य पुन्हा म्हणू नका. घाबरून केलेली दुरुस्तीच लोकांच्या लक्षात राहते.

घरी अजून सांगितलेलं नसेल तेव्हा लिंग न दाखवणारी वाक्यं हाताशी ठेवा: ‘जाईन’, ‘मी काम केलं’, ‘मला उशीर झाला’, ‘माझं जेवण झालं’. यात खोटं काही नाही आणि मन मारून जुनं रूपही वापरावं लागत नाही.

इस्ट्रोजेनने, म्हणजे स्त्रीच्या हॉर्मोनने, आवाज बदलत नाही. तो सरावानेच बदलतो. पुरुषांचा आवाज साधारण १०० ते १३० हर्ट्झ, स्त्रियांचा १८० ते २२० च्या आसपास असतो, पण नुसती पट्टी चढवली की कार्टूनसारखा पोकळ आवाज येतो. दिवसातून दोनदा दहा मिनिटं ओठ मिटून गुणगुणा, कंप छातीतून ओठ-नाकाकडे आणा, मग त्याच जागेवरून बोला आणि रेकॉर्ड करून ऐका. घसा दुखला की त्या दिवशी थांबा. कुजबुजत बोलूनही घशावर ताण पडतो. टेस्टोस्टेरॉनने, म्हणजे पुरुषाच्या हॉर्मोनने, आवाज उतरतो, तो मध्येच फाटतो. त्या महिन्यांत ओरडणं टाळा, बाकी काही करावं लागत नाही.

नाव

राजपत्रात नवं नाव देण्याआधी ते मित्रमंडळीत महिना-दोन महिने वापरून बघा. पहिल्या उत्साहात निवडलेलं नाव कित्येकांना पुढे नकोसं होतं. इंग्रजी स्पेलिंग एकच ठरवा आणि आधार, पॅन, बँक सगळीकडे अक्षर न् अक्षर तेच ठेवा.

हॉर्मोन

इथली चूक सगळ्यांत महाग पडते. मैत्रिणीने सांगितलं म्हणून गर्भनिरोधक गोळ्या रोज तीन-चार खाणं आजही चालू आहे. माला-डीच्या एका गोळीत ०.०३ मिलिग्रॅम इथिनाइल इस्ट्राडायॉल (इस्ट्रोजेनचा एक कृत्रिम प्रकार) असतं. ते गर्भनिरोधनासाठी आहे. संख्या वाढवली की स्त्रीत्व लवकर येत नाही, रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, आणि विडी-सिगारेट असेल तर आणखी वाढतो. पाकिटातल्या २८ पैकी ७ गोळ्या तर नुसत्या लोहाच्या असतात. डॉक्टर ट्रान्झिशनसाठी वेगळं इस्ट्राडायॉल देतात. स्तनांची वाढ सुरू व्हायला तीन ते सहा महिने लागतात आणि ती पूर्ण व्हायला दोन-तीन वर्षं किंवा जास्तही. डोस दुप्पट करून ही वाढ लवकर होत नाही.

सुरू करण्याआधी रक्तदाब, यकृत, मूत्रपिंड, साखर आणि रक्ताच्या तपासण्या करा. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी पुन्हा. स्पायरोनोलॅक्टोन (टेस्टोस्टेरॉनचा परिणाम अडवणारी गोळी) चालू असेल तर पोटॅशियम तपासायलाच हवं. त्या औषधाने ते वाढतं, आणि रोज शहाळं पिण्याची सवय असेल तर त्यात भर पडते. टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांचं रक्त घट्ट होऊ शकतं, म्हणून हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, बघा. पाळी थांबली म्हणजे गर्भ राहणार नाही असं नसतं, गर्भनिरोधन वेगळं करावं लागतं. पुढे स्वतःचं मूल हवंसं वाटेल अशी जराही शक्यता असेल तर वीर्य किंवा अंडी साठवण्याचं डॉक्टरांशी आधीच बोला.

एकच पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली, किंवा अचानक धाप लागून छातीत कळ आली, तर ती गुठळी असू शकते, सकाळची वाट बघू नका. मिरज किंवा सांगलीचं शासकीय रुग्णालय, जे जवळ असेल तिथं तातडीच्या विभागात जा. तिथं लाज वाटून गोळ्या लपवल्या जातात आणि डॉक्टर दुसरंच कारण शोधत बसतात. काय घेता, किती घेता ते पहिल्याच वाक्यात सांगा. ते जमणार नसेल तर गोळ्यांचं पाकीट खिशातून काढून टेबलावर ठेवा.