इलेक्ट्रॉन कोणत्या कक्षकातून गेला? बंधक्रमावरून बंधलांबी ओळखण्याची रीत

ऑक्सिजनच्या रेणूतून एक इलेक्ट्रॉन काढला तर त्यातील बंध आखूड होतो. नायट्रोजनच्या रेणूतून काढला तर तो लांबतो. शेजारच्या दोन मूलद्रव्यांमधला हा विरोध इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवणाऱ्या आकृतीवरून उमगत नाही. इलेक्ट्रॉन संपूर्ण रेणूभर पसरलेल्या कक्षकांत, म्हणजे ठरावीक ऊर्जेच्या जागांत, असतात असे मानणाऱ्या रेण्वीय कक्षक सिद्धांताने मात्र तो साध्या हिशोबात उलगडतो.

प्रथम संयुजा इलेक्ट्रॉन, म्हणजे अणूच्या सर्वांत बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन, मोजावेत. ऑक्सिजनच्या प्रत्येक अणूचे ६ धरून रेणूत १२ होतात. धन आयन असल्यास भाराइतके वजा करावेत, ऋण आयन असल्यास मिळवावेत. नंतर ते चढत्या ऊर्जेने कक्षकांत, प्रत्येकात जास्तीत जास्त दोन असे, भरावेत आणि समान ऊर्जेच्या कक्षकांत आधी एकेकच ठेवावा. ऑक्सिजनसाठी क्रम असा (सिग्मा व पाय हे रेण्वीय कक्षकांचे प्रकार, २एस व २पी हे ते ज्यांपासून बनतात ते अणूचे कक्षक): सिग्मा २एस, सिग्मा-स्टार २एस, सिग्मा २पी, दोन पाय २पी, दोन पाय-स्टार २पी, सिग्मा-स्टार २पी. नायट्रोजनपर्यंतच्या रेणूंत पाय २पी हे सिग्मा २पीच्या खाली असतात.

स्टार असलेले कक्षक बंधविरोधी, म्हणजे बंध कमकुवत करणारे, बाकीचे बंधकारी, म्हणजे तो बळकट करणारे. बंधकारी इलेक्ट्रॉनांतून बंधविरोधी वजा करून निम्मे केले की बंधक्रम मिळतो. ऑक्सिजनमध्ये ८ वजा ४, म्हणजे बंधक्रम २. नायट्रोजनमध्ये ८ वजा २, म्हणजे ३. ऑक्सिजनचे शेवटचे दोन इलेक्ट्रॉन पाय-स्टारमध्ये एकेकटे राहतात, आणि द्रव ऑक्सिजन चुंबकाकडे ओढला जातो तो त्यामुळेच.

आता लांबी पाहावी: बंधक्रम जितका जास्त, तितका बंध आखूड. ऑक्सिजनचा जाणारा इलेक्ट्रॉन बंधविरोधी असल्याने धन आयनाचा बंधक्रम २.५ होतो आणि बंधलांबी सुमारे १२१ पिकोमीटरवरून ११२ वर येते. उलट, पाय-स्टारमध्ये भर पडत गेली की सुपरऑक्साइडमध्ये (एक जादा इलेक्ट्रॉन) बंधक्रम १.५ व लांबी सुमारे १३३, तर पेरॉक्साइडमध्ये (दोन जादा) बंधक्रम १ व लांबी सुमारे १४९ होते. नायट्रोजनमधून मात्र बंधकारी इलेक्ट्रॉनच जातो, म्हणून बंधक्रम ३ वरून २.५ होऊन लांबी ११० वरून ११२ होते.

आयनन ऊर्जाही, म्हणजे एक इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जाही, हीच साक्ष देते, आणि मला हा पुरावा विशेष पटणारा वाटतो: ऑक्सिजनच्या अणूला १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, तर त्याच्या रेणूला १२.१ पुरतात, नायट्रोजनच्या अणूला १४.५ लागतात, पण रेणूला १५.६. बंधविरोधी कक्षकातला इलेक्ट्रॉन अणूतल्यापेक्षा सहज सुटतो, बंधकारी कक्षकातला अधिक घट्ट धरलेला असतो.

ही तुलना त्याच अणूंच्या जोडीपुरतीच करावी. हायड्रोजन आणि फ्लोरिन या दोन्ही रेणूंचा बंधक्रम १ आहे, तरी अणूंचा आकार वेगळा असल्याने बंधलांबी अनुक्रमे ७४ आणि सुमारे १४२ पिकोमीटर भरते.