सी लायब्ररीला दिलेला कॉलबॅक जिवंत कसा ठेवावा

पायथनचे सीटाइप्स (ctypes, सी लायब्रऱ्या वापरण्याचे मॉड्यूल) वापरून सी लायब्ररीत कॉलबॅक, म्हणजे घटना घडल्यावर लायब्ररीने चालवायचे आपले फंक्शन, नोंदवताना कॉलबॅकचे ऑब्जेक्ट बहुधा नोंदणीच्या फंक्शनच्या कंसातच तयार केले जाते, त्याला स्वतंत्र नाव दिले जात नाही. ती ओळ संपताच ऑब्जेक्टचा शेवटचा रेफरन्स (त्याला धरून ठेवणारा दुवा) सुटतो आणि सीपायथन, म्हणजे पायथनचा नेहमीचा इंटरप्रिटर, ते तिथल्या तिथे नष्ट करतो, कारण लायब्ररीने आपल्या स्ट्रक्चरमध्ये जपलेला पॉइंटर त्याच्या रेफरन्सच्या मोजणीत धरलेला नसतो. पुढे घटना घडली, की लायब्ररी मोकळ्या झालेल्या पत्त्यावर जाते. ही चूक फार फसवी आहे. त्या जागेतला जुना मजकूर शाबूत असला तर प्रोग्रॅम सुरळीत चालतो, आणि क्रॅश दुसऱ्याच मशीनवर, भलत्याच वेळी होतो.

म्हणून ऑब्जेक्ट आधी इन्स्टन्सच्या ॲट्रिब्यूटमध्ये ठेवावे आणि मगच नोंदवावे. मात्र एवढ्यावर थांबू नये. कॉलबॅक म्हणून त्याच इन्स्टन्सची मेथड दिली, तर इन्स्टन्स कॉलबॅकला, कॉलबॅक मेथडला आणि मेथड पुन्हा इन्स्टन्सला धरून राहते. हे चक्र रेफरन्सच्या मोजणीने सुटत नाही, गार्बेज कलेक्टर (न लागणारे ऑब्जेक्ट शोधून मोकळे करणारी पायथनची यंत्रणा) ते आपल्या सवडीने मोडतो, आणि तोपर्यंत नोंदणी रद्द झालेली नसेल तर तोच मोकळा पत्ता पुन्हा लायब्ररीच्या हाती उरतो. यासाठी क्लासला क्लोज मेथड द्यावी, तिच्यात प्रथम लायब्ररीतील नोंदणी रद्द करावी आणि त्यानंतरच ॲट्रिब्यूट रिकामे करावे. हा क्रम कधीही उलटा होता कामा नये. विथ ब्लॉक संपताना क्लोज आपोआप चालेल अशी सोय केलेली उत्तम. ही जबाबदारी ऑब्जेक्ट नष्ट होताना चालणाऱ्या डेल (__del__) मेथडवर सोपवू नये, कारण चक्रात अडकलेल्या ऑब्जेक्टची डेल केव्हा चालेल हे आपल्या हातात नसते.

चाचणीत नोंदणीनंतर लगेच गार्बेज कलेक्टर ताबडतोब चालवणारे जीसी (gc) मॉड्यूलचे कलेक्ट फंक्शन चालवावे, त्याच प्रकारचे आणखी काही कॉलबॅक तयार करावेत, म्हणजे मोकळी जागा पुन्हा वापरली जाण्याची शक्यता वाढते, आणि मगच घटना घडवावी. पायथन ३.३ पासून सोबत येणारे फॉल्टहँडलर (faulthandler) मॉड्यूल सुरू ठेवल्यास क्रॅशच्या क्षणी पायथनची कोणती ओळ चालू होती ते समजते.

काही लायब्रऱ्यांमध्ये नोंदणी रद्द करण्याची सोयच नसते. तिथे कॉलबॅक मॉड्यूलच्या पातळीवरील एका लिस्टमध्ये प्रोसेस संपेपर्यंत ठेवावेत. त्यासाठी अडकून पडणारी थोडीशी मेमरी खुशाल जाऊ द्यावी.