दिवाळीच्या टेबलावर वावरातली सजावट : या चुका टाळा

दिवाळीच्या सुमारास विदर्भातल्या वावरात सजावटीला लागणारे जवळपास सगळे उभे असते. पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या झाडावर, बोंडे फुटलेली असतात, ज्वारीची कणसे भरलेली असतात, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, झेंडू असतो आणि आंबिया बहराची, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर पिकणारी, संत्री रंग धरू लागलेली असतात. बुरडाकडून आणलेल्या पसरट टोपलीत हे नीट रचले, तर जेवणाच्या टेबलाच्या मधोमध शोभून दिसते. तरीही तिसऱ्या दिवशी ती टोपली उकिरड्यावर न्यावी लागते, असा अनुभव अनेक घरांत येतो आणि त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते : ओल.

सकाळी दव असतानाच कणसे कापून त्यांची जुडी घट्ट बांधली, की आतल्या दाण्यांवर काळी बुरशी धरते आणि घरभर कुबट वास सुटतो. कणसे दुपारी, ऊन चांगले तापल्यावर कापावीत आणि चार-पाच कणसांची सैल जुडी सुतळीने बांधून सावलीत, वाऱ्यावर उलटी टांगावी. आडवी वाळवलेली कणसे मानेत वाकतात, उलटी टांगलेली मात्र सरळ आणि ताठ राहतात. झेंडूचे याच्या नेमके उलट आहे, कारण त्याला पाणी हवेच. म्हणून फुले कोरड्या मालात नुसती खोचू नयेत. टोपलीत एक लहान वाटी लपवावी, देठ तिरपे कापावेत आणि पाण्यात बुडणारी पाने आधीच काढून टाकावीत, कारण तीच आधी कुजतात व पाणी नासवतात. संत्रे झाडावरून ओढून तोडल्यास देठाजवळची साल फाटते आणि तिथूनच हिरवी बुरशी सुरू होते, त्यामुळे ते कात्रीने देठासकट कापावे. पिकलेले सीताफळ दिसायला कितीही देखणे असले तरी ते एका दिवसात मऊ पडून चिलटे गोळा करते, म्हणून या टोपलीत ते नको.

दुसरी चूक बैठकीची. काड्या उभ्या राहाव्यात म्हणून आपण सहज वावरातल्या काळ्या मातीचा गोळा ठेवतो. ही माती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसून भेगाळते, हे आपण दर उन्हाळ्यात पाहतो. टोपलीतही तेच घडते आणि लक्ष्मीपूजनाला ताठ असलेल्या काड्या पाडव्याला लोळू लागतात. मातीत बारीक कुटार (भुसा) आणि थोडी रेती मळून घेतल्यास भेगा फार कमी पडतात. त्याहून सोपे म्हणजे कोरड्या रेतीने भरलेला गडू. बाजारातला हिरवा फोम घेऊ नये, कारण तो प्लास्टिकचाच प्रकार असून मातीत कुजत नाही.

बोंडांविषयी मात्र सविस्तर सांगायला हवे. एका दिवाळीत मी तपासणी न करता आणलेल्या बोंडातून करंजीच्या ताटाशेजारी एक गुलाबी अळी बाहेर आली. ती बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढी होती आणि पांढऱ्या कापडावर सावकाश सरकत होती. त्या ताटातले मग कोणी खाल्ले नाही. ती गुलाबी बोंडअळी होती. अर्धवट फुटलेले, डागाळलेला कापूस असलेले किंवा टरफलावर बारीक छिद्र दिसणारे बोंड घेऊच नये. पूर्ण उमललेली निरोगी बोंडे निवडून कडक उन्हात चार-पाच दिवस वाळवावीत. शिवाय फवारणी झालेल्या वावरातली बोंडे जेवणाच्या ताटांजवळ ठेवू नयेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेली विषबाधा आणि त्यात गेलेले जीव आपण विसरलेलो नाही. परसात वातींसाठी लावलेला देवकापूस असेल, तर त्याची बोंडे सर्वांत उत्तम.

कापूस आणि पणती एका टोपलीत कधीही नको. जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, आवारात विडी का पेटवू देत नाहीत, हे ज्याला ठाऊक आहे त्याला अधिक सांगणे नलगे. दिवे हवेच असतील तर पाण्याने भरलेल्या पितळी गंगाळात झेंडूच्या पाकळ्यांसोबत तरंगते सोडावेत आणि ते गंगाळ टोपलीपासून दूर, दुसऱ्या टेबलावर ठेवावे.

भरगच्च दिसावे म्हणून बांधावरची पांढरी बारीक फुले खुडण्याचा मोह होतो. ते बहुधा गाजरगवत असते आणि त्याने अंगाला खाज सुटते. कण्हेर, धोत्रा आणि गुंजेच्या बिया विषारी आहेत. लहान मुलांचा हात पोहोचेल अशा जेवणाच्या टेबलावर त्यांना मुळीच जागा देऊ नये.

उंचीसाठी मोजपट्टी लागत नाही. कोपर टेबलावर टेकवून मूठ वर धरावी आणि रचना त्याखालीच ठेवावी, म्हणजे समोर बसलेल्या आजीचा चेहरा झाकला जात नाही.

सण संपल्यावर कणसे अंगणात पाखरांसाठी टांगावीत आणि झेंडू खताच्या खड्ड्यात टाकावा. बोंडे मात्र उकिरड्यावर फेकू नयेत. आत एखादी अळी राहिलीच असेल तर ती पुढच्या हंगामात पुन्हा वावरात येते, म्हणून बोंडे चुलीत घालावीत.