दोन भाषांतला एकच चित्रपट: शॉटच्या नोंदीपासून व्हिडिओ निबंधापर्यंत

प्रभात फिल्म कंपनीने आपले अनेक बोलपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत एकाच वेळी काढले. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ आणि ‘अयोध्या का राजा’, १९३७ साली ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’, १९३९ साली ‘माणूस’ आणि ‘आदमी’, १९४१ साली ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’. दिग्दर्शक तोच, सेट तेच, बरेचसे नटही तेच. चित्रपट अभ्यासाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका सत्रात पुरं होईल असं संशोधन हवं असेल, तर या जोड्यांइतकं सोयीचं साहित्य क्वचित मिळतं. एरवी दोन चित्रपटांची तुलना करताना शंभर गोष्टी वेगळ्या असतात. इथे भाषा बदलते आणि बाकीचं बरंच काही जागच्या जागी राहतं, त्यामुळे भाषेने चित्रणात काय बदललं ते मोजता येतं.

हे काम विद्यार्थी आणि मार्गदर्शक मिळून कसं करतात ते इथे ‘कुंकू’ची जोडी धरून सांगितलं आहे. शेवटी दोन गोष्टी हातात यायला हव्यात: चार-पाच हजार शब्दांचा लेख आणि सात मिनिटांचा व्हिडिओ निबंध, म्हणजे चित्रपटाचेच तुकडे आणि निवेदन जोडून मांडलेला अभ्यास. पंधरा आठवड्यांचं सत्र असेल तर तीन आठवडे प्रती मिळवण्यात आणि तपासण्यात, चार नोंदीत, तीन लेखनात आणि तीन संकलनात जातात. उरलेले दोन मोकळे ठेवा. अभिलेखागारातली तारीख पुढे गेली की तेच कामी येतात.

प्रश्न लहान हवा

‘प्रभातच्या चित्रपटांतील स्त्रीप्रतिमा’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा असतो: ‘कुंकू’तले वयस्क काकासाहेब बोलत असताना त्यांची तरुण पत्नी नीरा ऐकते, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर कॅमेरा मराठीत जास्त वेळ थांबतो की हिंदीत? याचं उत्तर मोजून देता येतं आणि ते चुकीचंही ठरू शकतं. दोन्ही अटी पाळणारा प्रश्न मिळेपर्यंत मार्गदर्शकाने पुढच्या कामाला हिरवा कंदील देऊ नये.

अख्खा चित्रपट घेऊ नका. दोन-अडीच तासांच्या बोलपटात शेकडो शॉट, म्हणजे एका कटपासून पुढच्या कटपर्यंतचे सलग तुकडे, असतात आणि दोन आवृत्त्या म्हटल्या की काम दुप्पट होतं. एका रिळाएवढा तुकडा घ्या. ३५ मिमीच्या फिल्ममध्ये फुटाला १६ फ्रेम बसतात, बोलपट सेकंदाला २४ फ्रेमने धावतो, म्हणजे मिनिटाला ९० फूट आणि हजार फुटांचं रीळ सुमारे अकरा मिनिटांचं. तुकडा असा निवडा की त्यात संवादाचे शॉट आणि बिनसंवादाचे शॉट दोन्ही भरपूर असतील. का, ते पुढे येईल.

आधी प्रतीची ओळख

या कामातल्या बहुतेक चुका इथेच जन्मतात. विद्यार्थी म्हणतो, ‘चित्रपटात अमुक आहे.’ त्याने पाहिलेली असते एक विशिष्ट प्रत: कुणीतरी एका प्रिंटवरून एका वर्षी केलेली, कदाचित टीव्हीसाठी कापलेली, नंतर इंटरनेटसाठी दाबून लहान केलेली. म्हणून मोजणीला हात लावण्याआधी प्रत्येक प्रतीची एक पानाची नोंद करा. ती कुठून मिळाली, एकूण लांबी किती, फाइलचा फ्रेमदर (सेकंदाला किती फ्रेम) काय, चौकटीचं प्रमाण काय, सुरुवातीची नामावली शाबूत आहे का, आवाज कुठे तुटतो.

फ्रेमदर सगळ्यात महत्त्वाचा. आपल्याकडच्या जुन्या डीव्हीडी आणि टीव्ही प्रती बऱ्याचदा सेकंदाला २५ फ्रेमच्या असतात. २४ फ्रेमचा चित्रपट २५ ने धावला की शंभर मिनिटांचा मजकूर ९६ मिनिटांत संपतो. मराठी प्रत २५ ची आणि हिंदी प्रत २४ ची असेल आणि ते तुमच्या लक्षात आलं नाही, तर ‘मराठी आवृत्ती जलद कापली आहे’ असा चार टक्क्यांचा खोटा निष्कर्ष निघतो. उपाय सोपा: अशा प्रतीतल्या प्रत्येक शॉटचा अवधी २५ भागिले २४, म्हणजे १.०४१७ ने गुणा. गाण्यांवर काम करणाऱ्यांनी आणखी जपावं. वेग वाढवताना स्वर दुरुस्त केला नसेल तर पट्टी एका सेमीटोनच्या सुमारे सत्तर टक्के वर सरकते. पांढरी एकमध्ये गायलेलं गाणं काळी एकच्या जवळ जाऊन बसतं आणि गायिकेच्या आवाजाबद्दल तुम्ही भलतंच लिहून बसता.

चौकटीचंही तसंच. या काळातल्या बोलपटांची चौकट साधारण १.३७ ला १ अशी असते. रुंद टीव्हीसाठी ती वरून-खालून कापली तर जवळजवळ चौथा हिस्सा चित्र जातं, आणि मिड शॉट क्लोजअप वाटू लागतो. माणसं आडवी फुगलेली दिसली तर चित्र ताणलेलं आहे. अशी प्रत संवाद ऐकायला वापरा, चौकटीबद्दल तिच्यावरून काहीही लिहू नका.

रिळांचे सांधे ओळखायला शिका. उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका दिसतो: रीळ संपण्याच्या सुमारे आठ सेकंद आधी एकदा आणि साधारण एक सेकंद आधी पुन्हा. तो प्रक्षेपण करणाऱ्या माणसाला दुसऱ्या यंत्राकडे वळण्याची खूण. रिळाची टोकं सर्वांत जास्त झिजतात, तुटतात आणि पुन्हा चिकटवली जातात. त्यामुळे ठिपक्याच्या आसपास दिसलेली उडी ही बहुधा हरवलेली फिल्म असते, दिग्दर्शकाचा जंपकट (मुद्दाम घेतलेली उडी) नसतो. नोंदीत तिथे ‘खंडित’ लिहा आणि तो शॉट सरासरीतून वगळा.

चांगली प्रत पाहायची तर पुण्याच्या लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. १९६४ साली सुरू झालेली ही संस्था २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या छत्राखाली आहे. तिथे चित्रपटांखेरीज गाण्यांच्या पुस्तिका, स्थिरचित्रं, पोस्टर, पटकथा आणि जुनी नियतकालिकंही आहेत. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र, चित्रपटांची नेमकी यादी, प्रत्येकापुढे ‘काय पाहायचं आहे आणि कशासाठी’ हे एका ओळीत, आणि सोयीच्या तीन-चार तारखा असा अर्ज किमान महिनाभर आधी पाठवा. शुल्क आणि पाहण्याची सोय आधीच विचारून घ्या. गाण्यांची पुस्तिका आवर्जून मागा. तिच्यात कथासार, कलाकारांची यादी आणि गाण्यांचे शब्द असतात. पुस्तिकेत छापलेलं गाणं तुमच्या प्रतीत नसेल, तर प्रत अपुरी असल्याचा तो सबळ पुरावा.

‘इंडियनसिने.मा’ या खुल्या संग्रहात जुन्या चित्रपटांच्या काळपट्ट्या कटसकट दिसतात. तुकडा निवडायला ते उत्तम. बाबूराव पटेलांच्या ‘फिल्मइंडिया’चे अंक ‘इंटरनेट अर्काइव्ह’वर चाळता येतात, परीक्षणं आणि जाहिराती दोन्ही वाचा. आपला विषय आधी कुणी केलाय का, हे ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या संग्रहावर पाहा, मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिप्यांत शोधून.

शॉटची वही

साध्या स्प्रेडशीटमध्ये, एका ओळीत एक शॉट. रकाने एवढे पुरतात: क्रमांक, सुरुवातीची फ्रेम, शेवटची फ्रेम, अवधी, अंतर (क्लोजअप, मिड की लाँग), कोन, कॅमेऱ्याची हालचाल, चौकटीत कोण, संवाद कुणाचा, संवाद कोणत्या फ्रेमला संपला, इतर ध्वनी, पुढच्या शॉटशी जोड, शेरा.

‘इतर ध्वनी’ हा रकाना ‘कुंकू’साठी खास मोलाचा आहे. या चित्रपटात दिग्दर्शक शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत टाळलं आणि घरातले, रस्त्यावरचे आवाज वापरले. घड्याळाची टिकटिक कुठे सुरू होते, कुठे थांबते, ती मराठी आणि हिंदीत एकाच शॉटवर आहे का, हे नोंदवलंत तर लेखाचा निम्मा ऐवज तिथेच मिळेल.

व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये ‘ई’ कळ दाबली की चित्र एकेक फ्रेम पुढे जातं. मागे मात्र तसं जाता येत नाही, म्हणून नेमक्या कामाला डाविंची रिझॉल्व्हसारखं संकलनाचं सॉफ्टवेअर बरं. त्यातली कट ओळखण्याची सोय पहिला मसुदा देते, पण जुन्या प्रतींवर ती फसते: ओरखडा, प्रकाशाची लकाकी किंवा चौकटीसमोरून गेलेला माणूस तिला कट वाटतो आणि डिझॉल्व्ह (एक चित्र विरत दुसरं उमटणं) तिच्या नजरेतून सुटतो. प्रत्येक कट डोळ्यांनी तपासा. डिझॉल्व्हमध्ये शॉट कुठे संपला मानायचा याचा नियम आधी ठरवा. मध्यबिंदू धरणं सोयीचं. मोबाइलवर किंवा संगणकावर पडदा टिपून केलेल्या फाइलवर कधीही मोजू नका, तिच्यात फ्रेम गळतात. फाइलचा फ्रेमदर बदलता असेल तर आधी तो स्थिर करून घ्या, नाहीतर दहा मिनिटांनंतर आवाज आणि चित्र एकमेकांना सोडून चालतात.

व्याख्या कागदावर लिहा. कमरेपासून वर म्हणजे मिड, खांद्यापासून वर म्हणजे क्लोजअप, पूर्ण माणूस आणि भोवताल म्हणजे लाँग, असं. मग विद्यार्थी आणि मार्गदर्शक दोघांनी तेच वीस शॉट स्वतंत्रपणे, एकमेकांचं न पाहता नोंदवावेत. सतराहून कमी जुळले तर व्याख्या ढिली आहे. ती घट्ट करा आणि नवे वीस घ्या. हा एक दिवस वाचवला तर तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला गाडी अडते.

सरासरीवर विसंबू नका. पाच शॉट ३, ४, ४, ५ आणि ४४ सेकंदांचे असतील तर सरासरी १२ येते, आणि बारा सेकंदांच्या आसपासचा एकही शॉट तिथे नाही. मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) ४ आहे, तो खरी चाल सांगतो. दोन्ही आकडे द्या.

तुलना करताना होणारी चूक

दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की मोह होतो सगळ्या शॉटचे अवधी एकदम ताडून पाहण्याचा. पण मराठी वाक्य आणि त्याचं हिंदी रूप बोलायला सारखा वेळ लागत नाही, म्हणून संवादाचा शॉट आपोआप लहान-मोठा होतो. त्यात संकलकाचा निर्णय दिसत नाही. म्हणून आधी बिनसंवादाचे शॉट वेगळे काढून तुलना करा. संवादाच्या शॉटमध्ये फक्त शेवटचा शब्द संपल्यापासून कटपर्यंतचा वेळ मोजा. तो थांबा कुणीतरी ठरवून ठेवलेला असतो, आणि नीराच्या चेहऱ्याबद्दलचं उत्तर तिथेच सापडतं.

दुसरी तपासणी: बिनसंवादाच्या शॉटमध्ये दोन्ही भाषांत एकच टेक (एकदा केलेलं चित्रण) वापरला आहे की निरनिराळे? नटाच्या हालचालीवरून कळत नाही, कारण चांगला नट तीच हालचाल हुबेहूब करतो. ज्यावर कुणाचा ताबा नसतो ते पाहा: धूर, पडद्याची झुळूक, पदराची घडी, मागून जाणारा माणूस. ते तंतोतंत जुळलं तर टेक एकच. ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ घेणाऱ्यांना वेगळी संधी आहे. मिर्झाच्या भूमिकेत दोन्हीकडे गजानन जहागीरदार आहेत, पण त्याचा शेजारी मराठीत केशवराव दाते आणि हिंदीत मझहर खान. एक नट कायम, समोरचा बदललेला. अभिनयावर लिहिणाऱ्याने तीच जोडी घ्यावी.

व्हिडिओ निबंध

१९२० बाय १०८० पिक्सेलच्या पडद्यावर दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या तर प्रत्येकीला ९६० ची रुंदी आणि सुमारे ७०० ची उंची मिळते. वर-खाली उरलेल्या काळ्या पट्ट्यांत भाषा, शॉटक्रमांक आणि अवधी लिहा. दोन्ही चित्रं सलग धावू देऊ नका. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला पुन्हा जुळवून घ्या. एकीकडचा शॉट आधी संपला तर ती बाजू काळी करा. फ्रेम गोठवून ठेवली तर प्रेक्षकाला शॉटच लांब आहे असं वाटतं आणि तुमचा मुद्दा तुमच्याच हाताने बुडतो. आवाज एका वेळी एकाच आवृत्तीचा.

निवेदन मराठीत मिनिटाला १२० शब्दांच्या गतीने नीट ऐकू येतं. सात मिनिटांपैकी अर्धा वेळ चित्रपटाला बोलू द्या, म्हणजे निवेदन सव्वाचारशे शब्दांचं. प्रत्येक मुद्द्याआधी दहा-पंधरा सेकंद मूळ ध्वनी मोकळा ठेवा, कारण जे दाखवायचं त्यावरच बोलत राहिलं की ते दिसत नाही. ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही, पंखा बंद, पातळीची टोकं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान. उपशीर्षकं दोन ओळींची. फाइल काढल्यावर ‘ष्ट्र’, ‘र्‍य’, ‘ङ्क’ अशी जोडाक्षरं पडद्यावर तपासा. काही सॉफ्टवेअर ती फोडतात.

हक्क आणि नावं

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ संशोधन, समीक्षा आणि अध्यापनासाठी उचित वापराची मुभा देतं. चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षं टिकतो, म्हणून १९३७ चा चित्रपट त्यातून केव्हाच सुटला आहे. गीत आणि संगीताचा हक्क मात्र गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. म्हणून अख्खं गाणं न वापरता मुद्द्यापुरता तुकडा घ्या आणि त्यावर भाष्य करा. संग्रहालयाने प्रत किंवा छायाचित्र देताना घातलेल्या अटी कायद्याहून वेगळ्या असतात, त्या लेखी घेऊन जपा. यूट्यूबवर चढवलेल्या निबंधावर यंत्राने हक्काचा दावा लावला तर घाबरून तो काढू नका. कोणता तुकडा, किती सेकंद आणि कोणत्या मुद्द्यासाठी, याची यादी तयार असेल तर आक्षेप नीट नोंदवता येतो. म्हणून ती संकलन करतानाच बनवत जा.

श्रेयाची बोलणी पहिल्या आठवड्यात करा, लेखी. शॉटची वही कुणी केली, पडताळणी कुणी, निवेदनाचा मजकूर कुणाचा, संकलन कुणाचं. वही पूर्णपणे विद्यार्थ्याने केली असेल आणि पुढे मार्गदर्शक त्याच आकड्यांवर स्वतंत्र शोधनिबंध लिहिणार असतील, तर विद्यार्थ्याचं नाव सहलेखक म्हणून यायला हवं. तळटीपेतला आभार पुरेसा नाही.

सादर करताना लेख आणि निबंधासोबत वही आणि प्रतींची नोंदही जोडा, म्हणजे पुढच्या तुकडीला तोच तुकडा नव्याने मोजावा लागणार नाही आणि उद्या अधिक पूर्ण प्रिंट सापडली तर नेमके कोणते आकडे बदलायचे ते कळेल.