साडी एक, ब्लाउज चार

माझी आत्या लोकांना सांगते, "आमची पोरगी कंपन्यांना भविष्य सांगते." मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय. तसं तिचं अगदीच चूक नाही. फक्त पोपटवाल्याला कार्ड काढायला पाच मिनिटं लागतात, आम्हाला पाच महिने. आणि चुकल्यावर त्याला कुणी मीटिंगला बोलावत नाही.

काम असं की अठरा ते पंचवीस वयाची मुलंमुली येत्या दोन-तीन वर्षांत काय घालतील, काय खातील, पैसे कशावर उडवतील आणि कशावरचे वाचवतील, याचा अंदाज बांधायचा. कपड्यांच्या, खाण्याच्या, मोबाइलच्या कंपन्या त्यासाठी रिसर्च एजन्सीला पैसे मोजतात. अशा एजन्सीत मी आहे. परीक्षा संपल्या की या लाइनमध्ये यायचंय म्हणणाऱ्यांचे फोन सुरू होतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "दिवसभर इन्स्टा बघायचे पैसे मिळतात ना?" मिळतात, पण बऱ्याच नंतर.

आधी दारं वाजवावी लागतात. २०१३ साली पुण्यात समाजशास्त्राचं एमए करताना मी सुट्टीत सर्व्हेचं काम धरलं, दर इंटरव्ह्यूमागे अमुक पैसे या बोलीवर. सुपरवायझर एक चौक नेमून द्यायचे. तिथून उजव्या हाताची घरं धरून चालत राहायचं, याला राइट हँड रूल म्हणतात. एक इंटरव्ह्यू झाला की ठरलेली घरं सोडून पुढचं दार. लिफ्ट असलेलं, कुत्रा नसलेलं घर आपण निवडायचं नाही. संध्याकाळी सुपरवायझर त्यातल्या काही घरी फोन करून "आमची मुलगी आली होती का?" विचारणार, हा बॅक-चेक. पहिल्याच आठवड्यात मी एक फॉर्म जिन्यात बसून मनाने भरला आणि तो नेमका बॅक-चेकमध्ये सापडला. दिवसाचे सगळे पैसे कापले गेले. तेव्हा खूप रडले होते. आज माझ्या टीममधल्या कुणी असं केलं तर मीही कापते.

त्या उन्हातान्हात एक गोष्ट पक्की कळली: तरुण मुलं आमच्या फॉर्ममध्ये मावत नाहीत. घर कोणत्या थरातलं हे ठरवायची आमची तेव्हाची पद्धत, एनसीसीएस, दोन गोष्टी विचारायची. घरातल्या मुख्य कमावत्याचं शिक्षण किती, आणि अकरा वस्तूंपैकी घरात किती आहेत. पंखा, गॅस, फ्रिज, दुचाकी, एसी वगैरे. त्यात शेतजमीनही होती. आता सदाशिव पेठेत कॉट भाड्याने घेऊन एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या पोराला हे विचारा. खोलीत पंखा एक, तोही मालकाचा. गावाकडे आठ एकर बागायत आणि दारात ट्रॅक्टर. तो श्रीमंत की गरीब? त्याच्या पायातले बूट गावच्या पैशाचे आणि जेवणाचा डबा शहरातल्या काटकसरीचा. या ओढाताणीतच पुढच्या ट्रेंडचं बी असतं, असं माझं मत झालंय. नवीन काय आलं हे सगळेच बघतात. मी बघते ती अडचण: हवंय, पण पैसा, जागा किंवा घरच्यांची परवानगी आड येतेय. मग पोरं त्यातून स्वतःच कशी वाट काढतात?

याचं मला पटलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण खणाचं आहे.

खण हे पिढ्यानपिढ्या चोळीचं कापड. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचं. आज्जीच्या पेटीत ओटीत आलेले खण घडी न मोडता पडून असायचे. माझ्या नोंदवहीत खणाच्या साडीची पहिली नोंद २०१८च्या गुढीपाडव्याची आहे: "शोभायात्रेत तीन मुली, खणाची अख्खी साडी, नाकात नथ, पायात स्पोर्ट्स शूज." (बूट का, हे तेव्हाच विचारायला हवं होतं. ढोल-ताशा पथकातल्या मुली होत्या. तासन्‌तास उभं राहून वाजवायचं तर चपलेत पाय राहत नाहीत.) पुढच्या वर्षभरात नोंदी वाढत गेल्या. मग एका कपड्यांच्या कंपनीचं काम आलं, आणि त्यात प्रश्न होता: "गेल्या वर्षभरात तुम्ही स्वतःसाठी किती साड्या घेतल्या?" पुण्यातल्या कॉलेजच्या मुलींचं उत्तर जवळजवळ शून्य. कंपनी म्हणाली, सोडून द्या, साडीला या वयात बाजार नाही.

मी कर्वेनगरमधल्या एका पीजीत होम व्हिजिटला गेले होते. होम व्हिजिट म्हणजे दोन-तीन तास नुसतं घरात बसायचं, कपाट उघडायला सांगायचं, आणि कमी बोलायचं. खोलीत चौघी. कपाटात निळ्या खणाची एकच साडी. कुणाची? चौघींची. वर्गणी काढून घेतलेली. पण त्याच हँगरला मागे चार ब्लाउज अडकवलेले होते. एक बोटनेक, एक पाठीला नाडीचा, एक पूर्ण बाहीचा, आणि एक साधा, कारण त्या चौथीच्या आईला बाकीचे चालत नव्हते. साडी कुणालाही बसते, ब्लाउज बसत नाही. शिवाय फोटोत तीच साडी पुन्हा दिसली तरी ब्लाउज वेगळा असला की चालतं, असा त्यांचा नियम. कुणी कधी नेसायची याचं वेळापत्रक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पिन केलेलं.

आमच्या फॉर्मच्या लेखी त्या खोलीत साडी पाव. प्रत्यक्षात वर्षातून बारा-पंधरा वेळा ती नेसली जात होती. मालकी मोजली तर बाजार नाही, वापर मोजला तर बाजार आहे, फक्त तो ब्लाउजचा, भाड्याच्या साडीचा आणि शिवलेल्या नऊवारीचा आहे. रिपोर्टमध्ये मी हेच मांडलं आणि त्या हँगरचा फोटो जोडला. तीस पानांपैकी लक्षात राहिलं ते तेवढंच.

खणाचा पुढचा प्रवास तुम्हालाही आठवत असेल. कुर्ते आले, २०२०मध्ये मास्क आले, मग पर्स, डायरीचं कव्हर, तोरण, आकाशकंदील. आमच्या टीममध्ये तेव्हापासून एक घरगुती मोजमाप आहे: एखादी गोष्ट संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटली जायला लागली की तरुण मुलींच्या दृष्टीने ती संपली. विक्री तेव्हाच सगळ्यात जास्त असते, म्हणून कंपन्यांना हे पटवणं जड जातं.

हे चढणं-उतरणं समजून घ्यायला पुस्तकी आधारही आहे, तो टाळू नका. एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२ साली नवी गोष्ट स्वीकारणाऱ्यांची जी विभागणी मांडली, ती मुलाखतीत हमखास विचारतात: २.५ टक्के अगदी पहिले, मग १३.५, मग ३४, पुन्हा ३४ आणि शेवटचे १६. आकडे पाठ करा, पण त्यांना पंचांग समजू नका. मला स्वतःला त्यामागचा मक्याचा अभ्यास जास्त आवडतो. १९४३ साली रायन आणि ग्रॉस यांनी अमेरिकेतल्या आयोवातले शेतकरी संकरित मक्याच्या बियाण्याकडे कसे वळले ते मांडलं. बियाण्याची माहिती बऱ्याच जणांना विक्रेत्याकडून कळली, पण पेरायचा निर्णय शेजाऱ्याकडे बघून झाला. हे वाचलं तेव्हा मी हसले. आमचं गाव तासगावजवळ. बाबांनी सोनाका द्राक्ष लावायच्या आधी दोन हंगाम रोज संध्याकाळी शेजारच्या बांधावर उभं राहून ती बाग बघितली होती. कंपनीचा माणूस तोवर चारदा चहा पिऊन गेला होता. इन्स्टाग्रामवरचा इन्फ्लुएन्सर हा तो चहा पिऊन जाणारा माणूस. बांधावरचा शेजारी म्हणजे रूममेट. भेटायचं असेल तर रूममेटला भेटा.

आणि माणसं सांगतात त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. ती खोटं बोलतात असं नाही, चांगलं दिसायचा प्रयत्न करतात. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी जाहीर केलेलं भरडधान्य वर्ष होतं. त्या वर्षी आठ जणांचा एक ग्रुप घेतला, म्हणजे सगळ्यांना एकत्र बसवून गप्पा, तर आठही जण मिलेट खात होते. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाच्या खोलीवर गेले. कॉटखाली इन्स्टंट नूडल्सचा बॉक्स, आणि मिलेटच्या कुकीजचं एक पाकीट, न फोडलेलं. गप्पांच्या ओघात तो म्हणाला, "ज्वारीची भाकरी तर घरी रोजच असते, पण ते मिलेट नाही ना!" या एका वाक्यावर मी पुढचा महिना काढला.

भाषेचा मुद्दा इथेच सांगते, कारण मराठी मुलामुलींना याची किंमत कळत नाही. रिपोर्ट इंग्रजीत असतात, ते वाचणारे मुंबई-गुडगावात असतात, आणि ग्रुप होतात सोलापूर, लातूर, नाशिकला. एका फेसवॉशच्या चाचणीत सात मुली म्हणाल्या, "बरंय." भाषांतर करणाऱ्याने सातही जागी 'चांगलं आहे' अशा अर्थाचं इंग्रजी लिहिलं. आता "बरंय" म्हणजे काय ते तुम्हाला-मला कळतं. स्थळ दाखवून आणल्यावर मुलगी "बरंय" म्हणाली तर कुणी साखरपुड्याची तारीख काढेल का? मी मूळ रेकॉर्डिंग ऐकायचा आळस केला, ते पास झालं आणि बाजारात आपटलं. तेव्हापासून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे रेकॉर्डिंगचा लिहून काढलेला मजकूर, हाताशी असलं तरी रेकॉर्डिंग ऐकल्याशिवाय मी एक ओळ लिहीत नाही.

कॉम्प्युटरवरच्या आकड्यांतही असेच खड्डे आहेत. गूगल ट्रेंड्समधला शंभर हा आकडा म्हणजे शंभर लोक नव्हेत. निवडलेल्या काळातला सर्वोच्च बिंदू शंभर धरून बाकीचं त्याच्या प्रमाणात दाखवलेलं असतं. दरवर्षी एखादा इंटर्न इथे पाय घसरून पडतो. आणि शब्द कसा लिहिला जातो हेही बघावं लागतं: आमच्या इंटर्नने रोमन लिपीत 'खण' टाकून आलेख काढला, तर ईदला भलामोठा डोंगर. दोन तास डोकं खाजवल्यावर कळलं, ते शाहरुख आणि सलमान होते.

सरकारी आकडे कंटाळवाणे वाटतात, पण पाय जमिनीवर ठेवतात. घरगुती उपभोग खर्चाच्या २०२३-२४च्या पाहणीत दरडोई महिन्याचा सरासरी खर्च शहरी भागात ६,९९६ रुपये आणि ग्रामीण भागात ४,१२२ रुपये निघाला. 'आजची तरुणाई चारशे रुपयांची कॉफी पिते' अशी स्लाइड कुणी केली की मी हे दोन आकडे शेजारी लिहिते. त्याच पाहणीत एकूण खर्चातला पेयं आणि तयार खाद्यपदार्थांचा वाटा शहरात ११ टक्क्यांच्या वर आणि गावात १० टक्क्यांच्या जवळ आहे. एवढं अंतर कमी असेल तर नवा खाऊ शोधायला फक्त कोरेगाव पार्कात का फिरायचं?

चुकायची तयारी ठेवा. २०२० साली उन्हाळ्याभर खपून मी गावाकडच्या मुलांच्या टिकटॉकवर रिपोर्ट केला होता: शेतात, गोठ्यात नाचणारी पोरं कपड्यांची फॅशन कशी ठरवतील वगैरे. सादरीकरण जुलैच्या पहिल्या आठवड्यात. २९ जूनला सरकारने ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. क्लायंटने फोनवर फक्त एवढंच विचारलं, "आता?" जुलैतच इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केलं आणि तीच पोरं तिकडे गेली. रिपोर्टचा निम्मा भाग, जो मुलांच्या हौसेबद्दल होता, तो टिकला. अ‍ॅपबद्दलचा निम्मा कचऱ्यात गेला.

शिक्षणाचं थोडक्यात. समाजशास्त्र, मानसशास्त्र, संख्याशास्त्र, यातलं काहीही चालतं. फॅशनकडे ओढा असेल तर खारघरचं निफ्ट आहे. निफ्टचा व्हिजिओनेक्स्ट नावाचा भारतीय ट्रेंड सांगणारा उपक्रमही आहे, त्याचं पोर्टल २०२४मध्ये सुरू झालं, नाहीतर इथल्या कपड्यांचे अंदाज लंडन-पॅरिसहून यायचे. जाहिरातीकडे जायचं असेल तर अहमदाबादची माइका. पण डिग्री कुठलीही असो, पहिलं वर्ष एक्सेलमध्ये, ट्रान्सक्रिप्ट वाचण्यात आणि ग्रुपच्या दिवशी सामोसे मोजण्यात जातं. पगार सुरुवातीला आयटीतल्या मित्रांना सांगावा असा नसतो. मुलाखतीला येताना ट्रेंडची यादी आणू नका, ती आमच्याकडे आहे. स्वतःच्या खोलीतली, गावातली एक गोष्ट आणा जी तुम्हाला विचित्र वाटली आणि जिचं कारण तुम्ही चार जणांना विचारत फिरलात. मी तरी त्यावरच माणूस घेते.

माझी सध्याची गोष्ट सांगते. दिवाळीत गावी गेले होते तेव्हा ब्लाउज शिवायला आमच्या नेहमीच्या काकूंकडे टाकायला गेले. दुकानात पूर्वी दोन मशीन रात्री दहापर्यंत चालायच्या. यंदा एकीवर कापड झाकलेलं. "कॉलेजच्या पोरी आता शिवायला येतच नाहीत गं," काकू म्हणाल्या. "ते ताणणारं रेडिमेड ब्लाउज मिळतं ना, तेच घेतात. एकच आणतात आणि चौघी घालतात. माझ्याकडं आता निस्तं फॉल-पिको."

मी माप द्यायचं विसरून नोंदवही काढली. काकू म्हणाल्या, "लिहून काय करतीस? आधी हात वर कर."