फुलीचा टाका एकसारखा येण्यासाठी

फुलीचा टाका, म्हणजेच क्रॉस स्टिच, हा भरतकामातील सर्वांत सोपा टाका समजला जातो आणि शिकण्याच्या दृष्टीने तो सोपा आहेही. कापडाच्या विणीतील एका घरात, म्हणजे एका लहान चौकोनात, दोन तिरके टाके एकमेकांवर घातले की फुली तयार होते. तरीही रुखवतात शेजारी शेजारी मांडलेली दोन तोरणे पाहिली, तर एकावरील फुले सपाट आणि तुकतुकीत दिसतात, आणि दुसऱ्यावर त्याच नक्षीची, त्याच रंगाची फुले खडबडीत व ठिकठिकाणी डाग पडल्यासारखी वाटतात. पाहणारे याचे श्रेय हाताच्या कसबाला देतात. माझ्या अनुभवाप्रमाणे हा फरक मुख्यतः टाका घालण्याच्या शिस्तीचा असतो, आणि ती शिस्त कोणालाही अंगी बाणवता येते.

या शिस्तीतील पहिला नियम असा की, संपूर्ण कामात प्रत्येक फुलीचा वरचा टाका एकाच दिशेला झुकलेला असावा. खालचा टाका डावीकडील खालच्या कोपऱ्यातून उजवीकडील वरच्या कोपऱ्यात घातला, तर वरचा टाका उजवीकडील खालच्या कोपऱ्यातून डावीकडील वरच्या कोपऱ्यातच गेला पाहिजे. कोणती दिशा निवडावी हा ज्याच्या त्याच्या सोयीचा प्रश्न आहे, आणि डावखुऱ्या व्यक्तीला याच्या उलट क्रम अधिक सुकर वाटेल. मात्र एकदा निवडलेली दिशा शेवटच्या फुलीपर्यंत बदलू नये. यामागचे कारण प्रकाशात आहे. भरतकामाच्या सुती दोऱ्यावर चमक आणणारी प्रक्रिया केलेली असते, आणि असा दोरा ज्या दिशेने पडलेला असेल त्याप्रमाणे तो प्रकाश कमी-अधिक परावर्तित करतो. म्हणून वरचा टाका उलट दिशेने गेलेल्या फुल्या, दोरा एकाच लडीतील असूनही, वेगळ्या छटेच्या दिसतात.

नागपूरच्या महाल भागातील आमच्या घरी मी आणि माझ्या धाकट्या बहिणीने मिळून दाराचे एक तोरण भरले होते. तिने डाव्या टोकाकडून सुरुवात केली आणि मी उजव्या टोकाकडून, आणि दोघींची गाठ मधल्या कमळात पडली. काम हातात असताना काहीच लक्षात आले नाही. परंतु तोरण दारावर लावल्यावर त्या कमळाच्या बरोबर मधून एक सरळ रेषा गेलेली स्पष्ट दिसू लागली, कारण तिचा वरचा टाका डावीकडे झुकलेला होता आणि माझा उजवीकडे. अर्धे कमळ उसवून पुन्हा भरावे लागले, आणि मग माझी राहिलेली बाजूही. त्यामुळे दोघींनी मिळून काम करायचे असेल, तर कापडाच्या कोपऱ्यात एक मोठी फुली नमुन्यादाखल घालून ठेवावी व दोघींनी तिच्याकडे पाहूनच टाके घालावेत.

दिशा चुकण्याचे आणखी एक कारण म्हणजे कापड फिरवणे. तोरण किंवा साडीच्या काठासारखी लांब पट्टी भरताना ती मांडीवर आडवी-उभी करण्याचा मोह होतो. कापड पाव वळसा फिरवले, तर फुलीचे खालचे-वरचे टाके आपली दिशा बदलतात आणि पुढील सर्व फुल्या उलट पडतात. मात्र कापड पूर्ण उलटे, म्हणजे वरची बाजू खाली अशा रीतीने अर्धा वळसा फिरवले, तर तिरक्या रेषेची दिशा बदलत नाही. म्हणून हात पोहोचत नसेल तेव्हा कापड उलटे धरण्यास हरकत नाही, पण आडवे कधीही धरू नये. कापडाच्या वरच्या कडेला रंगीत दोऱ्याचे दोन-तीन टाके खूण म्हणून घातले, की हा गोंधळ होत नाही.

आता कापडाविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण टाका कितीही नीट घातला तरी घरेच असमान असली, तर फुली चौकोनी येत नाही. नागपूरच्या इतवारी किंवा सीताबर्डीच्या दुकानांत मीटरवर मिळणारी मॅटी, म्हणजे भरतकामासाठीचे घराघरांच्या विणीचे कापड, स्वस्त आणि टिकाऊ असते, आणि तोरणे, टेबलक्लॉथ, उशांचे अभ्रे यांसाठी ती योग्यच आहे. परंतु प्रत्येक मॅटीत ताण्याकडील (उभ्या धाग्यांची) आणि बाण्याकडील (आडव्या धाग्यांची) घरे सारखी असतातच असे नाही. विकत घेण्यापूर्वी पट्टी ठेवून आडवी व उभी अशी दोन्हीकडील घरे मोजावीत. समजा, आडव्या एका इंचात ११ घरे आहेत आणि उभ्या एका इंचात १० घरे आहेत. अशा कापडावर ६० घरे रुंद व ६० घरे उंच असे गोल संत्रे भरले, तर त्याची रुंदी साडेपाच इंचांहून किंचित कमी आणि उंची पूर्ण ६ इंच येईल, आणि नागपूरच्या घरात तरी ते संत्रे म्हणून कोणी ओळखणार नाही. भौमितिक वेलबुट्टीत हा फरक खपून जातो; गोल फळे, चेहरे, अक्षरे यांत तो खपत नाही. त्यांच्यासाठी आयडा कापड घ्यावे, ज्यात दोन्हीकडील घरे समान विणलेली असतात. १४ काउंटचे आयडा म्हणजे एका इंचात १४ घरे, आणि नवशिक्यांसाठी तेच सर्वांत सोयीचे. ८४ घरे रुंद व ५६ घरे उंच नक्षी त्यावर ६ इंच बाय ४ इंच होते. चारी बाजूंना ३ इंच जास्तीचे सोडून १२ इंच बाय १० इंच कापड कापावे, आणि कडांचे धागे सुटू नयेत म्हणून प्रथम कडेने हात-टीप घालून घ्यावी.

सुई बोथट टोकाची आणि मोठ्या नेढ्याची हवी. टोकदार सुई घराच्या कोपऱ्यातील छिद्रात न जाता कापडाच्या धाग्यात किंवा आधीच्या टाक्यात घुसते, आणि फुलीचे कोपरे हलतात. १४ काउंटच्या कापडाला २४ नंबरची सुई, आणि १६ किंवा १८ काउंटला २६ नंबरची सुई पुरते.

दोऱ्याच्या लडीत सहा पदर असतात. १४ काउंटवर दोन पदर, ११ काउंटवर तीन पदर, आणि १८ काउंटवर एक पदर घेतला तरी चालतो. येथे एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते, कारण ती बहुतेक जण टाळतात: सहा पदरांतून दोन पदर एकदम ओढून काढू नयेत. एकेक पदर टोकाला धरून सरळ वर ओढून वेगळा करावा, आणि मग ते दोन पदर शेजारी शेजारी ठेवून सुईत ओवावेत. लडीत असताना पदरांना एकमेकांचा पीळ असतो. तो पीळ सुटल्यावरच दोरा कापडावर पसरतो व फुली भरीव दिसते. लांबी एक हात, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, सुमारे १८ इंच ठेवावी. त्याहून लांब दोरा सारखा ओवावा लागत नाही हे खरे, पण प्रत्येक टाक्यासरशी कापडावर घासून त्याची चमक जाते, आणि दोऱ्याच्या शेवटी घातलेल्या फुल्या सुरुवातीच्या फुल्यांपेक्षा मलूल दिसतात.

दोऱ्याला गाठ मारू नये. गाठ उलट बाजूला राहते खरी, परंतु इस्त्री केल्यावर ती सुलट बाजूने उंचवट्यासारखी दिसते, आणि सैल विणीच्या मॅटीतून तर ती धुताना निसटून वर येते. दोन पदर वापरायचे असल्यास एकच पदर दोन हात लांबीचा घ्यावा, तो मध्यावर दुमडावा आणि त्याची दोन्ही मोकळी टोके सुईत ओवावीत. दुसऱ्या बाजूला फास तयार होतो. पहिला तिरका टाका घालून सुई उलट बाजूला आली, की ती त्या फासातून काढून हळूच ओढावी. पहिला टाका गाठीविना पक्का बसतो. पुढील दोरे उलट बाजूच्या चार-पाच टाक्यांखालून सरकवून सुरू करावेत व तसेच संपवावेत. उत्तर कर्नाटकातील कसुती भरतकामातही गाठ वर्ज्य मानतात व धागे मोजूनच नक्षी भरतात. तेथे या फुलीला मेथीवरून मेंथी म्हणतात.

फुल्यांची ओळ दोन पद्धतींनी भरता येते. एका पद्धतीत डावीकडून उजवीकडे जाताना सर्व घरांत केवळ खालचे तिरके टाके घालत जायचे आणि परत येताना त्यांवर वरचे टाके घालायचे. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक फुली पूर्ण करूनच पुढे सरकायचे. सलग रंगाच्या मोठ्या भागासाठी मी पहिली पद्धत निवडते, कारण तीत दोऱ्याचा ताण आपोआप सारखा राहतो आणि उलट बाजूला उभ्या रेषांच्या नेटक्या ओळी तयार होतात. सुटी फुली, उभी एकेरी ओळ, पायऱ्यांसारखी तिरकी ओळ आणि छटा बदलत जाणारा दोरा यांसाठी दुसरी पद्धत योग्य. एकाच पानात किंवा पाकळीत दोन्ही पद्धती मिसळू नयेत. दोन्हींचा पोत किंचित वेगळा येतो. शक्य तेथे सुई रिकाम्या छिद्रातून वर काढावी आणि आधीच टाका असलेल्या छिद्रातून खाली न्यावी, म्हणजे जुना टाका सुईच्या टोकाने विसकटत नाही.

वरच्या टाक्याचे दोन पदर एकमेकांवर न चढता शेजारी पडावेत यासाठी, सुई खाली नेताना ती दोन पदरांच्या मधून न्यावी. हे संथ काम आहे, आणि खालच्या टाक्यासाठी ते नाही केले तरी चालते. पण वरचा टाका दिसणारा असतो, म्हणून तेथे कंटाळा करू नये. शिवाय आठ-दहा फुल्यांनंतर कापड उलटे धरून सुई खाली लोंबकळत सोडावी. टाके घालताना दोऱ्याला आपल्या नकळत पीळ चढत जातो, आणि लोंबकळणारी सुई स्वतःभोवती फिरून तो पीळ काढून टाकते.

ताणाचा अंदाज कापडावरून घ्यावा. टाका घातल्यावर कोपऱ्याचे छिद्र मोठे झाले, तर दोरा जास्त ओढला गेला आहे. फुलीखाली सुईचे टोक सहज सरकत असेल, तर तो सैल आहे. दोरा कापडावर नुसता टेकला, की ओढणे थांबवावे. रिंगमध्ये कापड डफासारखे ताणून बसवले असता हा ताण राखणे सोपे जाते, मात्र तेव्हा सुई एकदा पूर्ण खाली व एकदा पूर्ण वर अशी दोन हालचालींत काढावी, एकाच हालचालीत कापडातून आरपार शिवत जाऊ नये. काम थांबवताना रिंग काढून ठेवावी, नाहीतर तिचा गोल वण कापडावर उमटतो. आणि सुई कापडात टोचून ठेवू नये, विशेषतः पावसाळ्यात, कारण तिच्या गंजाचा ठिपका सहसा निघत नाही.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि तेव्हा घामाच्या हाताने दोरा धरला की तो कळकट होतो व कापडातून अडखळत निघतो. कूलरच्या अगदी समोर बसूनही उपयोग नसतो. ओलसर वाऱ्याने सुटे पदर उडतात आणि एकमेकांना चिकटतात. मी कूलरला पाठ करून, खिडकीचा उजेड डाव्या खांद्यावरून येईल अशी बसते, मांडीवर पांढरा पंचा ठेवते आणि दर काही वेळाने हात धुऊन पुसते. सकाळी सात ते दहा ही वेळ यासाठी सर्वोत्तम.

मोजणी चुकू नये म्हणून कापडाची चार पदरी घडी घालून मध्य शोधावा, आणि नक्षी तेथून सुरू करावी. मोठ्या कामात दर १० घरांवर फिकट रंगाच्या शिवणदोऱ्याने धावदोरा घालून कापडावरच चौकटी आखाव्यात; नक्षीच्या कागदावर सहसा तशाच १० घरांच्या जाड रेषा असतात. चूक आढळल्यास दोरा ओढून काढू नये, सुईच्या नेढ्याच्या टोकाने एकेक टाका उलट क्रमाने उसवावा, आणि उसवलेला दोरा पुन्हा वापरू नये. एका भागातून दुसऱ्या भागात जाताना तीन-चार घरांपेक्षा जास्त अंतर असेल, तर दोरा तोडावा. पांढऱ्या कापडावर गडद दोरा मागून सावलीसारखा दिसतो.

नक्षीची बाह्यरेखा एका पदराच्या बखिया टिपेने, सर्व फुल्या पूर्ण झाल्यावरच घालावी. लाल व गडद निळ्या दोऱ्याचा रंग जातो का हे काम सुरू करण्यापूर्वीच तपासावे: तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबला असता फडके रंगले, तर तो दोरा वापरू नये. काम संपल्यावर धावदोऱ्याच्या चौकटी काढाव्यात, कोमट पाण्यात सौम्य साबणाने कापड धुवावे, न पिळता कोरड्या पंचात गुंडाळून दाबावे, आणि थोडे ओलसर असतानाच जाड पंचावर नक्षी खाली येईल असे पालथे ठेवून उलट बाजूने इस्त्री करावी, म्हणजे फुल्या पंचाच्या मऊपणात रुततात आणि त्यांचा उठाव दबत नाही.