बंधारा भरला, तरी विहीर कोरडीच? जलसंधारणातल्या या चुका टाळा

माण, खटाव, आटपाडी, जत, पारनेर या दुष्काळी तालुक्यांत वर्षाला सरासरी 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कमीच आहे, पण एका हेक्टरवर 500 मिलिमीटर पाऊस पडला तर ते 50 लाख लिटर पाणी होतं. एवढं पाणी पडूनही जानेवारीपासून टँकरची वाट बघावी लागत असेल, तर कामात कुठंतरी चूक झालेली असते.

सुरुवात नाल्यापासून

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. जेसीबी आला की थेट नाला खोदायला घेतात, डोंगर मात्र तसाच बोडका राहतो. मग पहिल्याच जोराच्या पावसात माती वाहून येते आणि दोन-तीन पावसाळ्यांत बंधारा गाळानं भरतो. काम माथ्यापासून पायथ्याकडंच करायला हवं: आधी डोंगरावर सलग समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले लांब खड्डे), गवत, चराईबंदी, मग ओघळींत दगडी बांध, शेतात बांधबंदिस्ती, आणि सगळ्यात शेवटी नाला. बंधारा आधीच गाळानं भरला असेल, तर गाळ काढून शेतात टाका. पण वरची कामं झाली नाहीत, तर तो पुन्हा भरणारच.

चर नजरेच्या अंदाजानं काढू नका. पातळी थोडी चुकली तरी पाणी एका टोकाला साचतं, चर फोडतं आणि खाली नवी घळ पडते. ए-फ्रेमनं (समान पातळी दाखवणारी इंग्रजी A आकाराची साधी चौकट) आखणी करा, चराची माती उताराच्या खालच्या बाजूला टाका.

नाला खोल केला, पाणी मात्र मुरेना

आपल्याकडं खाली काळा पाषाण आहे. पाणी मुख्यतः साठतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. मुरूम संपून कठीण खडक लागला की खोदाई थांबवावी. त्याखाली केलेला खड्डा पाणी धरतो, मुरवत नाही. शिवाय सलग खोल खोदलेल्या नाल्यात शेजारच्या मुरमातलं पाणी पाझरून बाहेर पडतं, आणि काठची विहीर लवकर तळ गाठते. म्हणून मध्येमध्ये न खोदलेले टप्पे सोडावेत.

बोअरच्या पाण्यानं भरलेलं शेततळं

याबद्दल गावात मोकळेपणानं बोललं पाहिजे. पावसाचं वाहून जाणारं पाणी धरण्यासाठी असलेलं शेततळं प्लॅस्टिकचा कागद अंथरून बोअर आणि विहिरीच्या पाण्यानं भरलं जातं. जमिनीखाली सुरक्षित असलेलं, सगळ्या शिवाराचं पाणी वर आणून उन्हात ठेवायचं! 30 बाय 30 मीटरच्या तळ्यातून उन्हाळ्यात दिवसाला 8 मिलिमीटर पाणी उडतं असं धरलं, तरी रोज 7,200 लिटर गेलं. ज्याच्याकडं पैसा, त्याचं तळं भरलेलं. कोरडवाहू शेतकऱ्याची विहीर आटलेली. फळबाग जगवायची धडपड मला समजते, पण हा उपाय शेजाऱ्याच्या वाट्यातून होतो.

ताळेबंदच नाही

किती पाणी मुरलं यापेक्षा किती उपसलं यावर गाव तरतं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानं सरपंच राहिलेल्या पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली शेतीसाठी बोअरवेल बंद केल्या, ऊस-केळी टाळली, आणि पाऊस मोजून दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद, म्हणजे किती पाणी आलं आणि किती वापरायचं याचा हिशेब, मांडायला सुरुवात केली. पाऊस कमी झाला की पिकं बदलतात. तुमच्या गावात निदान पर्जन्यमापक बसवा, दर महिन्याला ठरावीक विहिरींची पातळी मोजा आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. रब्बीचा निर्णय ऑक्टोबरात त्यावरूनच घ्या.

पावसाळ्याआधी आणि नंतर

बांध फुटत असेल तर आधी सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याची वाट, बघा: तो नसतो, अरुंद असतो किंवा झुडपांनी बुजलेला असतो. कोल्हापुरी बंधाऱ्याच्या (फळ्या काढता-घालता येणारा बंधारा) फळ्या पावसाळ्याआधी काढा आणि परतीच्या पावसाचा जोर ओसरताच बसवा. फळ्यांमधल्या फटी बुजवणाऱ्या रबरी पट्ट्या झिजल्या असतील तर त्या सप्टेंबरातच आणून ठेवा, नाहीतर अडवलेलं पाणी फटींतूनच निघून जातं.